भांड्याचा दुसरा कान

वाईजवळच्या आमच्या घरात एक लोखंडी कढई आहे. तिचा एक कान तुटलाय. कधी तुटला ते कुणालाच धड सांगता येत नाही. आत्या म्हणायची, चुलत्यांच्या वाटण्या झाल्या त्या दिवशी कुणीतरी आदळली. आई म्हणायची, छे, रिवेट गंजून निघाला. कान होता तिथे काठाखाली आता दोन भोकं आहेत, म्हणून तेल कायम दोन बोटं खालीच ठेवायचं. उतरवताना एका बाजूला फडक्याने कान धरायचा आणि दुसऱ्या बाजूला सांडशी लावायची. नवीन माणूस हमखास चुकतं. आई पाठमोरी असली तरी तिला कळायचं. "तिकडनं धरू नको गं, भाजेल."

ही कढई मला अचानक आठवली ती पुण्यात, रात्री साडेअकराला, एपिक्टेटस नावाच्या, गुलामीत वाढलेल्या एका ग्रीक माणसाचं पुस्तक वाचताना. पुस्तक कसलं, बारीकशी चोपडीच. अप्पा बळवंत चौकाजवळ फुटपाथवर जुन्या गाइडांच्या गठ्ठ्यात सापडलेली. तो म्हणत होता (शब्द माझे, म्हणणं त्याचं) की प्रत्येक गोष्टीला धरायच्या दोन जागा असतात. एकीने ती उचलता येते, दुसरीने येत नाही. भाऊ तुझ्याशी अन्यायाने वागला ना, मग 'तो अन्यायाने वागला' या बाजूने धरायला जाऊ नकोस, तिकडून ते उचललंच जाणार नाही. 'तो भाऊ आहे, आम्ही एकत्र वाढलो' या बाजूने धर. इंग्रजी भाषांतरात 'हँडल' होतं. मूळ ग्रीक शब्द 'लाबे', म्हणजे पकडायची जागा. मला मराठी शब्द शोधावा लागला नाही. कपाला असतो, कढईला असतात. कान.

मी चोपडी पालथी घातली आणि दिवा मालवला. त्याच आठवड्यात माझा भाऊ माझ्याशी अगदी तसाच वागला होता.

वडील जाऊन तेव्हा सात महिने झाले होते. आई त्यांच्या चार वर्षं आधीच गेलेली. मागे राहिली बासष्ट गुंठे जमीन, एक कौलारू घर आणि आम्ही दोघं. एका संध्याकाळी भाच्याने व्हॉट्सअॅपवर एक पीडीएफ पाठवली. खाली लिहिलेलं, 'आत्या, बाबा म्हणतात वाचून ठेव. पुढच्या महिन्यात सहीला यायचंय.' हक्कसोडपत्र होतं ते. माझा जो काही हक्क आणि हितसंबंध आहे तो मी राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय, कोणताही मोबदला न घेता कायमचा सोडून देत आहे, वगैरे.

एकतीस वर्षं मी एका कारखान्याच्या अकाउंट्समध्ये काढली. कागद वाचायची सवय आहे. मोबदला नाही हे मला लागलं नाही, तो एक शब्द लागला. राजीखुशीने. मला न विचारताच माझी राजीखुशी टाइप करून आली होती. 2005 च्या दुरुस्तीपासून कायदा मुलीला मुलाइतकाच वाटा देतो. आणि तेव्हापासून गावोगावच्या बहिणी निबंधक कार्यालयाच्या बाकावर बसून राजीखुशीने सह्या करत आल्या आहेत, कारण सही नाही केली तर माहेर तुटतं. हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही. मी फोन केला नाही. दादानेही केला नाही. आठ दिवस मी मनातल्या मनात त्याच्याशी भांडत होते, आणि ती सगळी भांडणं मी जिंकत होते.

त्यात हा एपिक्टेटस.

त्याचा जन्म इसवी सन 50 च्या सुमाराचा, हिएरापोलिसचा. म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं पामुक्कले. पांढऱ्याशुभ्र पायऱ्यांवरून गरम पाणी उतरतं ते. तुमच्या ओळखीतलं कुणीतरी तिथे फोटो काढून आलेलं असेलच. त्याचं नावही खरं तर नाव नाही. एपिक्टेटस म्हणजे 'मिळवलेला'. भाजीच्या पिशवीवर लिहावं तसं माणसावर लिहिलेलं. रोममध्ये तो एपाफ्रोडिटस नावाच्या माणसाचा गुलाम होता. हा एपाफ्रोडिटस स्वतः आधी गुलाम, पुढे मोकळा होऊन नीरो बादशहाच्या दरबारात चिटणीस झालेला. एपिक्टेटस एका पायाने लंगडा होता. कुणी म्हणतं मालकाने पाय पिरगाळून मोडला, कुणी म्हणतं लहानपणापासूनच अधू होता. गुलाम असतानाच त्याला मुसोनियस रुफस या स्टोइक, म्हणजे मनावर ताबा ठेवायला शिकवणाऱ्या पंथातल्या, गुरूकडे शिकायला मिळालं. पुढे तो मोकळा झाला. पहिल्या शतकाच्या अखेरीस डोमिशियन बादशहाने तत्त्वज्ञांना हुसकावून लावलं, तेव्हा तो ग्रीसच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या निकोपोलिसला गेला आणि तिथे त्याने शाळा काढली.

त्याने स्वतः एक ओळ लिहिली नाही. ॲरियन नावाचा एक विद्यार्थी वर्गात बसून टिपून घ्यायचा. त्या टिपणांचे आठ भाग होते म्हणतात, चार उरलेत. त्यांतलं सार काढून ॲरियनने एक छोटी चोपडी केली, तीच माझ्या उशाशी होती. तिचं नाव एन्खिरिडिऑन, म्हणजे हातात मावेल असं. ग्रीकमध्ये याच शब्दाचा दुसरा अर्थ खंजीर. चोपडीची सुरुवात अशी आहे की काही गोष्टी आपल्या हातात असतात, काही नसतात. आपलं मत, आपली ओढ, आपली नावड आपल्या हातात. शरीर, मालमत्ता, लौकिक, हुद्दा हातात नाही. खाऊन-पिऊन सुखी माणसाने हे म्हटलं असतं तर मी चोपडी परत गठ्ठ्यात टाकली असती. पण ज्याचं शरीर एकेकाळी कायद्याने दुसऱ्याच्या मालकीचं होतं तो 'शरीर माझ्या हातात नाही' असं म्हणतो, तेव्हा तो उपदेश राहत नाही. तो त्याचा सातबारा असतो.

त्याची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट दिव्याची आहे. त्याच्या घरी देवांजवळ एक लोखंडी दिवा असायचा. एकदा रात्री आवाज आला म्हणून तो खाली धावला, तर दिवा गेलेला. त्याने स्वतःची समजूत काढली की ज्याने नेला त्याला तो न्यावासा वाटणं काही अगदीच अजब नाही. उद्या मातीचा आणू. माणसाकडे जे असतं तेच जातं. दुसऱ्या एका ठिकाणी तो हीच चोरी हिशेबाला लावतो: चोर माझ्यापेक्षा जास्त वेळ जागा राहू शकला म्हणून दिवा त्याचा. पण एका दिव्यापायी तो चोर झाला, एवढी किंमत त्याने मोजली.

अशा किमती तो सतत लावतो. तेल सांडलं, दारू चोरीला गेली, तर म्हणायचं की एवढ्याला शांतता पडली. कुणाच्या मेजवानीचं आमंत्रण आलं नाही, तर आपण त्याची खुशामत केली नव्हती ना. बाजारात सॅलडचा पाला एका ओबलला आहे, आपण ओबल दिला नाही, पाला मिळाला नाही, पण ओबल खिशात आहे की. अकाउंट्सच्या बाईला हे लगेच समजतं. पुढची गंमत मात्र त्याच्या मरणानंतरची आहे. तो गेल्यावर त्याचा तो मातीचा दिवा कुणा भक्ताने तीन हजार द्राख्मांना विकत घेतला. ल्युशियन नावाच्या तिरकस लेखकाने हे नोंदवून ठेवलंय: बिचाऱ्याला वाटलं, या दिव्याखाली रात्री वाचलं की झोपेत आपोआप शहाणपण येईल. सहा ओबलांचा एक द्राख्मा. म्हणजे पाल्याचे अठरा हजार गड्डे. मी खरंच कागदावर मांडून बघितलं.

हसले खरी, पण त्याच आठवड्यात मीही साडेसहाशे रुपयांची एक डायरी आणली होती. जाड पुठ्ठ्याची, आत रेशमी फीत. सेनेका हा रोमन तत्त्वज्ञ रोज रात्री दिवा गेल्यावर, बायको गप्प झाल्यावर दिवसभराच्या वागण्याची झडती घ्यायचा असं वाचलं होतं. तसंच करायचं ठरवलं. पहिल्या पानावर तारीख टाकून लिहिलं, 'आज दादाचा राग आला.' दुसऱ्या पानावर, 'आजही.' तिसऱ्यावर किराण्याची यादी आहे.

महिन्याभराने वाईला जायचं ठरलं. सहीला नव्हे, वडिलांच्या वर्षश्राद्धाचं ठरवायला. स्वारगेटवर एसटी लागली आणि गर्दीने दरवाज्याला गराडा घातला. खिडकीतून रुमाल, टोप्या, एक पाण्याची बाटली, एक लहान मूलसुद्धा आत गेलं, जागा धरायला. एपिक्टेटसच्या चोपडीत सार्वजनिक हमामखान्याचा एक उतारा आहे. आंघोळीला निघायच्या आधीच मनाशी उजळणी कर, तो सांगतो. तिथे पाणी उडवणारे असतील, ढकलणारे असतील, शिव्या देणारे असतील, कपडे चोरणारे असतील. मग म्हण, मला आंघोळही करायची आहे आणि मन जाग्यावरही ठेवायचंय. मी एसटीला ते लागू केलं. रुमाल टाकणारे असतील, पाय तुडवणारे असतील, मोबाइलवर मोठ्याने कीर्तन लावणारे असतील. मला वाईलाही पोचायचंय आणि मन जाग्यावर ठेवायचंय. आणि सांगते, खंबाटकी घाट येईपर्यंत उभी होते तरी मन जाग्यावर होतं. मला स्वतःचं कौतुक वाटलं. एवढ्यात जमायला लागलं की!

घरी पोचले. पाय धुऊन आत आले, वहिनीने चहा दिला, आणि मामांनी सुरुवात केली. त्यांना मध्यस्थीला बोलावलंय हे मला सांगितलं नव्हतं. मामा वयाने, मानाने मोठे. आवाजात साय. "बाई, तुला देवाने काय कमी दिलंय? जमीन काय वर घेऊन जायचीय?"

घाटापर्यंत टिकलेलं मन तिथेच सुटलं. मी म्हटलं, "मामा, तुम्ही तुमचे साताऱ्याचे दोन प्लॉट आधी खाली ठेवा, मग मी ठेवते." दादा उठून बाहेर गेला. वहिनी कपबशा गोळा करायला लागली, अर्धवट प्यालेल्याही. वर्षश्राद्धाचं काही ठरलं नाही. परतीच्या गाडीत जागा मिळाली.

जागा मिळाली म्हणून विचारही झाला. मामांचं ते वाक्य मी कुठेतरी वाचलेलं होतं. पुण्यात येऊन शोधलं तर सापडलं ॲरियनकडेच. हा ॲरियन पुढे रोमन साम्राज्यात बडा अधिकारी झाला आणि सिकंदराच्या स्वाऱ्यांचा इतिहास लिहून नावाजला. हिंदुस्थानावरही त्याचं एक पुस्तक आहे. त्या इतिहासात तो एक प्रसंग सांगतो. इथले काही नागवे साधू एका कुरणात बसले होते. सिकंदर सैन्य घेऊन आला तेव्हा त्यांनी काही न बोलता जमिनीवर पाय आपटले. दुभाष्यामार्फत विचारलं, हे काय? तर म्हणाले, राजा, ज्याच्या-त्याच्या पायाखाली असते तेवढीच जमीन त्याची. तू एवढा लांबून लोकांना त्रास देत आलास. लवकरच मरशील आणि पुरायला लागेल तेवढीच तुझी उरेल. सिकंदराने वाहवा केली, असं ॲरियन लिहितो, आणि आधी जे करत होता तेच पुढे करत राहिला.

मामांचंच वाक्य, अगदी शब्दाला शब्द म्हणाना. पण साधूंनी ते सिकंदराला ऐकवलं होतं, पोरसाला नाही. ज्याच्या हातात तलवार आहे त्याच्या तोंडावर, स्वतः नागवे असताना. तेच वाक्य सिकंदराने उचलून पोरसाला ऐकवलं असतं तर? 'बाबा रे, राज्य काय वर घेऊन जायचंय?' तेव्हा ते तत्त्वज्ञान उरलं नसतं, वाटाघाटीचा डाव झाला असता.

आणि मग मला त्या चोपडीतलं सगळंच जरा वेगळं दिसायला लागलं. एपिक्टेटस सांगतो, बाप वाईट असला तरी तुझं नातं 'बापाशी' आहे, 'चांगल्या बापाशी' नव्हे. भाऊ अन्याय करतो, तर तो काय करतो ते बघू नकोस, तू काय करायचं ते बघ. हे बापाने मुलाला सांगितलं तर? भावाने बहिणीला? मालकाने गुलामाला की बाबा, शरीर हातात नसतंच, तू कशाला मनाला लावून घेतोस? वाक्य तेच, आणि किती ओंगळ. सासरी आलेल्या सुनेला 'सहन कर, संयम हाच दागिना' असं सांगणाऱ्यांनी कधी एपिक्टेटस वाचला नव्हता, त्यांना वाचायची गरजच नव्हती. कढईचा शाबूत कान ज्याने त्याने आपल्या हाताने धरायचा असतो. समोरच्याचा हात धरून तापलेल्या काठावर ठेवायचा नसतो.

मार्कस ऑरेलियसला हे कळलं होतं असं मला वाटतं, कळलं नसेल तर निदान त्याच्याकडून तसं घडलं. गुलाम आणि बादशहा अशी ही जोडी. रुस्टिकस नावाच्या गुरूने आपल्याजवळची एपिक्टेटसची टिपणं मार्कसला वाचायला दिली, आणि त्याबद्दल मार्कसने त्याचे आभार लिहून ठेवलेत. डॅन्यूबकडच्या आघाडीवर, छावणीत, हा रोमचा बादशहा ग्रीक भाषेत स्वतःपुरतं लिहीत बसायचा. सकाळी उठल्यावर मनाशी म्हण, आज मला लुडबुडे भेटतील, कृतघ्न भेटतील, उद्धट, कपटी, मत्सरी भेटतील. ज्याच्या एका शब्दावर माणसं मरत होती, जगत होती, त्याच्या त्या वहीत 'तू' म्हणजे प्रत्येक वेळी तो स्वतः आहे. लोकांनी संयम ठेवावा असं फर्मान त्याने त्या वहीतून काढलं नाही. ती वही लोकांसाठी नव्हतीच.

आपल्याकडे रामदासांनीही तेच केलंय की. दोनशेपाच श्लोक, आणि हाक कुणाला, तर 'मना'. आम्ही शाळेत ओळीने उभं राहून म्हणायचो. गुरुजी 'मना सज्जना' म्हणताना छडी आमच्याकडे रोखायचे, त्यामुळे कित्येक वर्षं मला वाटायचं की मना हे शेवटच्या बाकावरच्या एखाद्या मुलाचं नाव असावं आणि तो फारच व्रात्य असावा.

एपिक्टेटसचं सगळंच मला पटतं असं नाही. मुलाचा मुका घेताना मनात म्हण की हा मर्त्य आहे, असं तो सांगतो. मार्कस तेच उतरवून घेतो. मार्कसला किमान तेरा मुलं झाली आणि त्यातली निम्म्याहून जास्त त्याच्या आधी गेली, म्हणून त्याने ते उतरवलं असेल तर माझं काही म्हणणं नाही. पण माझी मुलगी तान्ही असताना कुणी मला हे शिकवायला आलं असतं तर मी त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं. एपिक्टेटसनेही म्हातारपणी मित्राचं मूल, जे टाकून दिलं जाणार होतं, ते स्वतःकडे घेतलं म्हणतात. त्या मुलाचा मुका घेताना तो मनात काय म्हणत असेल, हे ॲरियनने टिपलेलं नाही.

त्याचा एक धडा मात्र मी गिरवून बघितला. तुला स्वतःला वळण लावायचंच असेल, तो म्हणतो, तर खूप तहान लागलेली असताना गार पाणी तोंडात घे, आणि थुंकून टाक. आणि कुणाला सांगू नकोस.

त्यातलं थुंकणं अवघड नाही. मी मागे एकदा चहा सोडला होता. तीन महिने टिकलं. पण दुसऱ्या दिवसापासून मी जो भेटेल त्याला सांगत होते. ऑफिसात चहावाला आला की "मला नको, मी सोडलाय" एवढ्या मोठ्याने की पलीकडच्या परचेसवाल्यांनाही कळावं. लोक म्हणायचे, "वा, कसं जमतं हो तुम्हाला?" तो माझा चहा होता, साखरेसकट. तेव्हा आता ठरवलं की दादाविषयी कुणाकडे बोलायचं नाही. बहिणीसारख्या मैत्रिणीकडे नाही, नवऱ्याकडेही नाही. तोंडात घ्यायचं आणि टाकून द्यायचं. पहिले चार दिवस घशाशी यायचं. एकदा भाजी निवडताना नवऱ्याने सहज विचारलं, "काय म्हणतोय तुझा भाऊ?" आणि मी "हळद लावलीय म्हणे यंदा" एवढंच म्हणाले. गवारीची शेंग हातात तशीच राहिली. फार काही मोठं केलं नव्हतं, पण ते कुणाला दिसलं नाही, याची एक वेगळीच चव होती.

(आता इथे लिहिते आहे, म्हणजे सांगितलंच. मान्य.)

मेंढरांची गोष्टही त्याचीच. मेंढरं किती चारा खाल्ला हे दाखवायला तो मेंढपाळापुढे ओकून टाकत नाहीत. आत पचवतात, बाहेर लोकर आणि दूध देतात. आमच्या रानात धनगर मेंढरं बसवायला यायचे. रात्रभर कळप त्या रानात बसायचा, सकाळी वडील धनगराला धान्य मोजून द्यायचे. का, तर लेंडीखत आणि मूत. हळदीला त्यासारखं खत नाही, ते म्हणायचे. एपिक्टेटस शहरात वाढलेला, त्याला मेंढराचा हा तिसरा उपयोग ठाऊक नसावा. पचवलेल्यातलं जे काहीच दाखवण्याजोगं नसतं, ज्याला वास येतो, त्याच्यावरही कुणाचं रान पिकतं.

न बोलण्याचा एक अनपेक्षित परिणाम झाला. दादाविरुद्धचा माझा खटला रोज नव्या साक्षीदारापुढे उभा राहायचा थांबला, तशी त्याची बाजू मला दिसायला लागली. तीस वर्षं ते रान तो कसतोय. वडील शेवटची दोन वर्षं अंथरुणावर होते, तेव्हा रात्री उठून कूस बदलायला तो होता. मी महिन्यातून एकदा फळं घेऊन जायचे आणि डॉक्टरांना हुशार प्रश्न विचारायचे. त्याने फोन केला नाही तो उर्मटपणाने नसेल, लाजेने असेल. पोराच्या हातून कागद पाठवणारा माणूस स्वतः तो कागद द्यायला घाबरलेला असतो. हे सगळं 'तो भाऊ आहे' या कानाच्या बाजूचं.

पण मग सही करून टाकायची? इथे मी बरेच दिवस अडले. सोडून देणं म्हणजेच मोठेपणा असं आपल्या हाडीमासी भिनलेलं असतं, बायकांच्या जरा जास्तच. शेवटी स्टोइकांनीच सोडवलं. त्यांचे सद्गुण चार: शहाणपण, धैर्य, संयम आणि न्याय. न्याय त्यात चौथा का होईना, आहे. रागावर ताबा ठेवायचा म्हणजे हिशेब चुकीचा मांडायचा असं कुठे म्हटलेलं नाही. एपिक्टेटस दिव्याला 'माझा नव्हताच' म्हणाला नाही. माझा होता, गेला, असं म्हणाला. त्याच्या घरी चोर येऊन 'हा दिवा तू राजीखुशीने दिलास असं लिहून दे' म्हणाला असता, तर त्याने काय केलं असतं? मला वाटतं, दिवा दिला असता आणि सही केली नसती.

माझी परिस्थिती उलटी होती, मला दिवा द्यायचा नव्हता आणि भाऊही सोडायचा नव्हता.

दिवाळीआधी मीच फोन केला. आठ महिन्यांनी. आवाज ऐकल्यावर तो म्हणाला, "बोल." मी म्हटलं, "दादा, मी सही करणार नाही. एकतीस गुंठे माझ्या नावावर लागू देत. कसायचं तू, पीक तुझं, मला त्यातलं काही नको. हवं तर तसं लिहून देते. पण नाव राहू दे. आणि भाऊबीजेला मी येतेय." पलीकडे पंपाचा आवाज येत होता, रानातच असावा. बराच वेळ तो आवाजच ऐकू आला. मग म्हणाला, "ये," आणि फोन ठेवला. त्या 'ये'मध्ये काय होतं ते मला अजून सांगता येत नाही. आठवडाभर मी तो शब्द उलटसुलट करून बघितला, मग सोडून दिला, तो माझ्या हातातला नव्हता.

भाऊबीजेला सकाळची गाडी धरली. दार वहिनीने उघडलं. दादा आत टीव्हीसमोर बसलेला, "आलीस?" म्हणाला आणि आवाज थोडा कमी केला. पूर्ण बंद नाही. ओवाळलं. त्याने ताटात पाचशेची नोट टाकली. दर वर्षी साडी असते. मी काही बोलले नाही, तीही तोंडात घेऊन टाकली. मामा आले नव्हते.

दुपारी वहिनीला शेजारी कुणीतरी हाक मारली. ती करंज्या तळत होती, "जरा बघा हो ताई" म्हणून गेली. शेवटचा घाणा निघाला होता, गॅस बंद केला, तेल उतरवून ठेवावं म्हणून मी फडकं घेतलं. तीच कढई. आई गेल्यापासून मी तिला हात लावला नव्हता. मनात कसलातरी विचार होता, आणि माझा हात सरळ त्या दोन भोकांच्या बाजूला गेला.

"तिकडनं धरू नको, भाजेल."

दादा दारात उभा होता, पाणी प्यायला आला असावा. त्याने खिळ्यावरची सांडशी काढली, त्या बाजूला लावली. मी कान धरला. दोघांनी मिळून कढई खाली उतरवली, पाटावर. तेल हललं, पण भोकापर्यंत आलं नाही. त्याने माठातलं पाणी घेतलं, उभ्यानेच प्याला, आणि परत टीव्हीकडे गेला.

जमिनीचं अजून काही ठरलेलं नाही. वारसनोंदीच्या अर्जावर त्याची सही व्हायची आहे. मी येताना करंज्यांचा डबा आणलाय, तो परत द्यायचा आहे.